दुधाच्या पाइपलाइनी घडवणारे हात आणि टर्बोचे पाइपिंग: भोसरीतील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचे परीक्षण

ट्रॅकवर पळवण्याच्या गाडीला घरच्या घरी टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, बसवायचा ठरवले की टर्बो मिळवणे हा त्यातला सोपा भाग असतो. खरे काम सुरू होते ते त्याला जोडायच्या नळ्यांपासून. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर टर्बोकडे नेणारा नळ्यांचा जुडगा), तेलाची येणारी आणि परतणारी लाइन, पाण्याच्या दोन लाइनी, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा आणि तिथून परत येणारा हवेचा पाइप, एवढे सगळे त्या एका इंजिनाच्या आणि त्या एका गाडीच्या मापाने घडवावे लागते. हे काम पुण्यात कोणाकडे द्यावे असे विचारले की बहुधा सायलेन्सर बनवणाऱ्यांची किंवा ‘परफॉर्मन्स’ अशी पाटी लावलेल्या गॅरेजांची नावे सांगितली जातात. आम्ही ते भोसरी एमआयडीसीतील एका छोट्या वर्कशॉपकडे दिले, ज्याचा रोजचा धंदा दुग्धशाळा आणि औषध कारखान्यांसाठी स्टेनलेस स्टीलच्या पाइपलाइनी करण्याचा आहे. गाड्यांची कामे ते मोठ्या ऑर्डरींच्या मधल्या रिकाम्या वेळात आणि ओळखीने घेतात. आपले नाव छापू नये अशी मालकांनी विनंती केली, म्हणून ते येथे दिलेले नाही. तरीही हे परीक्षण लिहावेसे वाटले, कारण असे कारखाने भोसरी-चाकणप्रमाणेच वसई-अंबरनाथकडेही आहेत आणि गाडीवाल्यांचे त्यांच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

गाडी म्हणजे जुनी मारुती एस्टीम. तिचे जी१३बीबी इंजिन १२९८ सीसीचे, ७४ मिमी बोअर आणि ७५.५ मिमी स्ट्रोकचे, मूळ ताकद ८५ अश्वशक्ती. त्यावर बसवला तो मित्सुबिशीचा वापरलेला टीडी०४, म्हणजे साध्या जर्नल बेअरिंगचा (ज्यात दांडा तेलाच्या थरावर फिरतो) आणि तेल व पाणी या दोन्हींनी थंड होणारा टर्बो. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, आम्ही ०.६ बारवर थांबवला आहे. असा बदल केलेली गाडी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे रस्त्यावर चालवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ती ट्रकवर चढवून कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला न्यावी लागते. तो ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे, सरळ पट्टे आखूड आहेत, आणि तिथे पुन्हा पुन्हा ॲक्सिलरेटर दाबावा-सोडावा लागत असल्याने एक्झॉस्टच्या भागांना सतत तापण्या-निवण्याला तोंड द्यावे लागते. या कामाची पारख त्या उष्णतेत झाली आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

कोणते काम घरी करायचे आणि कोणते कारखान्यात, याची विभागणी पहिल्या भेटीतच झाली. मांडणी, मापे, कंस, पत्र्याची उष्णतारोधक आवरणे आणि क्रँककेसच्या वाफेतले तेल गोळा करणारा डबा, म्हणजे कॅच कॅन, हे माझ्या भावाने आणि मी पार्किंगमध्ये केले. कापलेले सांधे जोडणे, फ्लँज (बोल्टने आवळायच्या जाड पट्ट्या) आणि लेथचे काम कारखान्याकडे गेले. इंटरकूलरच्या पाइपांचा मार्ग ठरवण्यासाठी शेतीला वापरतात तो ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप आणि त्याचे एल्बो आणले. अडीच इंची स्टेनलेस पाइपचा बाह्य व्यास ६३.५ मिमी असतो, त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या या स्वस्त पाइपाने जवळपास अचूक नमुना तयार होतो. बॉनेट बंद होते का, पंख्याला पाइप लागतो का, इंजिन माउंटवर हलले तर कुठे घासेल, हे सारे पीव्हीसीवरच कळले. मालकांनी, म्हणजे आम्ही ज्यांना काका म्हणतो त्यांनी, हा नमुना पाहिल्यावर ड्रॉइंग मागितलेच नाही. त्यांनी प्रत्येक एल्बोवर मार्करने फिरवण्याची दिशा दाखवणारी रेघ मारली आणि नमुना जसाच्या तसा ठेवून घेतला. ज्यांना गाडीच कारखान्यात सोडायची आहे त्यांची इथे गैरसोय होईल, कारण आत गाडी उभी करण्याएवढी जागा नाही. आम्हाला एक सुटे इंजिन हेड आणि टर्बोचे रिकामे हाउसिंग नेऊन द्यावे लागले.

मॅनिफोल्डसाठी काकांनी प्रथम सुचवला तो १.६ मिमी जाडीचा दुग्धशाळेचा चकचकीत पाइप. थंड द्रवासाठी तो उत्तम आहे, पण तापून लाल होणाऱ्या आणि टर्बोचे वजन अंगावर झेलणाऱ्या मॅनिफोल्डसाठी तो पातळ पडतो, हे आम्ही सांगितल्यावर त्यांनी लगेच शेड्यूल १० चे (शेड्यूल म्हणजे पाइपाच्या जाडीचा क्रमांक) सव्वा इंची वेल्ड एल्बो वापरायचे मान्य केले. या एल्बोचा बाह्य व्यास ४२.२ मिमी आणि जाडी २.७७ मिमी असते, आणि ते मुंबईत सी. पी. टँक, किका स्ट्रीट भागातील पाइप-फिटिंगच्या पेढ्यांवर ३०४ ग्रेडमध्ये सहज मिळतात. शेड्यूल ४० चे ३.५६ मिमी जाडीचे एल्बो आणखी दणकट झाले असते, मात्र वजनही वाढले असते. ३२१ ग्रेड या कामाला अधिक योग्य, कारण त्यातील टायटॅनियममुळे दीर्घकाळ तापलेल्या सांध्याजवळ क्रोमियम कार्बाइड साचून धातू कमकुवत होण्याचा धोका कमी होतो; पण थोड्या नगांसाठी ३२१ चे एल्बो शोधणे जिकिरीचे होते. इंजिनाकडचा फ्लँज १२ मिमीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटमधून शेजारच्या लेझर कटिंगवाल्याकडून कापून आणला. स्टेनलेसला स्टेनलेस जोडताना ३०८एल आणि एमएस फ्लँजला स्टेनलेस जोडताना ३०९एल फिलर (सांध्यात वितळवायचा रॉड) वापरायचा, हे त्यांना सांगावे लागले नाही. उलट त्यांच्या वेल्डरने दोन्ही रॉड वेगवेगळ्या नळकांड्यांत ठेवलेले होते.

या कारखान्याचे मोठेपण पाइपाच्या आतून दिसते. आपल्याकडे ज्याला आर्गन वेल्डिंग म्हणतात त्यात टॉर्चमधून येणारा आर्गन बाहेरचा सांधा झाकतो, पण पाइपाच्या आतली बाजू उघडीच राहते. तिथे तापलेल्या स्टेनलेसला हवा लागली की काळपट, दाणेदार थर धरतो. सायलेन्सरच्या कामात याकडे कोणी पाहत नाही. मॅनिफोल्डमध्ये मात्र हाच थर पुढे सुटून मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळू शकतो. दुधाच्या पाइपात असा खडबडीत सांधा राहिला तर तिथे जंतू साचतात आणि संपूर्ण लाइन नाकारली जाते, त्यामुळे पाइपाची दोन्ही तोंडे टेपने बंद करून आत आर्गन भरणे ही या कारखान्याची जुनी सवय आहे. प्रत्येक सांधा झाल्यावर त्यांनी बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घालून आम्हाला पडद्यावर दाखवला. मुळाशी फिकट सोनेरी छटा होती, कुठेही काळे दाणे नव्हते. चारही नळ्या एकत्र येतात त्या कलेक्टरमध्ये आर्गन नीट भरत नव्हता, म्हणून वेल्डरने आत पत्र्याचा तात्पुरता पडदा बसवला. ही काळजी मी इतर कोणत्याही फॅब्रिकेटरकडे पाहिलेली नाही, आणि केवळ एवढ्यासाठी मी पुन्हा यांच्याकडेच जाईन.

फ्लँज वाकण्याचा प्रश्नही त्यांनी शिस्तीने हाताळला. आम्ही दिलेल्या हेडवर फ्लँज पूर्ण आवळून आधी फक्त वेल्डचे टाके घातले, मग एका नळीवरून दुसरीवर असे आलटून पालटून वेल्डिंग केले, आणि पूर्ण थंड होईपर्यंत एकही नट सोडला नाही. तरीही फ्लँजला किंचित बाक आलाच. तो सरफेस ग्राइंडरवर काढून आणला आणि सरळपट्टी व फीलर गेज लावून आम्हाला दाखवला. त्यानंतर दोन पोर्टांमधला फ्लँज करवतीने कापून वेगळा केला, म्हणजे तापल्यावर प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे सरकू शकेल.

टर्बोची तेलाची परतीची लाइन हा माझ्या मते साऱ्या कामाचा कस पाहणारा भाग होता. टर्बोच्या बेअरिंगमध्ये दाबाने जाणारे तेल बाहेर पडताना हवेने फेसाळलेले असते आणि त्यावर कसलाही दाब उरलेला नसतो. ते केवळ उतारावरून ऑइल पॅनमध्ये परतते. वाट अरुंद असली, मध्येच खोलगट झाली, किंवा पॅनमधील तेलाच्या पातळीखाली जाऊन मिळाली, तर तेल बेअरिंग हाउसिंगमध्ये तुंबते, सीलमधून पाझरते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. मग अनेकजण टर्बोच बिघडला असे समजून तो बदलतात. क्रँककेसमध्ये दाब वाढला तरी हेच घडते, म्हणून कॅच कॅनचे काम आम्ही मोठ्या व्यासाच्या नळीने केले होते. काकांनी परतीच्या नळीचा पीव्हीसी नमुना हातात घेतला, डोळ्यांसमोर आडवा धरला आणि विचारले, “दादा, ही मधे पोटात का आलीय? दूध थांबलं की नासतं, आमच्याकडे अशी लाइन इन्स्पेक्टर पासच करणार नाही.” त्यांच्या धंद्यात प्रत्येक आडवी लाइन निचऱ्यासाठी उतरती ठेवावी लागते, आणि हा डोळा त्यांनी टर्बोच्या नळीला तसाच लावला. नळीचा आतला व्यास त्यांनी १६ मिमीच्या खाली येऊ दिला नाही, ती जवळजवळ उभी सोडली, आणि पॅनवरचे जोडाचे ठिकाण तेलाच्या पातळीच्या वर घेतले. त्यासाठी एक कंस बदलून टर्बो थोडा फिरवावा लागला, आणि त्यामुळे डाउनपाइपचे (टर्बोतून खाली जाणाऱ्या एक्झॉस्ट नळीचे) एक वळणही बदलले. त्याचे वेगळे पैसे त्यांनी लावले, आणि ते लावणे रास्त होते.

तेलाच्या येणाऱ्या लाइनीसाठी आणि इंधनासाठी त्यांनी एक शहाणपणाचा सल्ला दिला. मोटारस्पोर्टच्या दुकानांत रंगीत ॲल्युमिनियमचे एएन फिटिंग महाग मिळतात. त्यांचा गळती अडवणारा टोकाचा शंकू ३७ अंशांचा असतो, आणि हायड्रॉलिकच्या दुकानात मिळणाऱ्या जेआयसी फिटिंगचा शंकूही ३७ अंशांचाच. आकारही त्याच हिशोबाने चालतात: चार नंबर म्हणजे पाव इंच, दहा नंबर म्हणजे पाच-अष्टमांश इंच. भोसरीत हायड्रॉलिक होज क्रिंप करणारे गल्लोगल्ली आहेत, आणि स्टीलचे जेआयसी फिटिंग लावलेली, स्टेनलेस जाळीची टेफ्लॉन होज रासायनिक कारखान्यांमुळे तिथे नेहमीच तयार असते. टेफ्लॉनवर गरम तेलाचा परिणाम होत नाही आणि पंपांवर सर्वत्र मिळू लागलेल्या ई२० पेट्रोलमधील इथेनॉलचाही होत नाही. हलक्या रबरी नळ्यांबद्दल असे म्हणता येत नाही. स्टीलचे फिटिंग थोडे जड असतात आणि दिसायला साधे असतात. मला त्यात काहीही कमी वाटत नाही.

याच टप्प्यावर त्यांच्या लेथवाल्याने एक गोष्ट वेळेत पकडली. जपानी वंशाच्या इंजिनांत ऑइल प्रेशर स्विचचे भोक सहसा एक-अष्टमांश इंची बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) टेपर आट्यांचे असते. आम्ही आणलेला टी-जोड अमेरिकी एनपीटी आट्यांचा होता. पहिल्यात इंचाला २८ आटे आणि कोन ५५ अंश, दुसऱ्यात २७ आटे आणि कोन ६० अंश. दोन्ही इतके जवळचे आहेत की सुरुवातीचे काही फेरे हाताने सहज बसतात, पुढे पाना लावला की ॲल्युमिनियमच्या भोकातील आटे फाटतात. त्याने थ्रेड गेज लावून जोड परत केला आणि बीएसपीचा टी-जोड लेथवर करून दिला. टर्बो जर्नल बेअरिंगचा असल्याने तेलाच्या वाटेत रिस्ट्रिक्टर (प्रवाह कमी करणारे बारीक भोक) घालायचा नव्हता. तो बॉल बेअरिंगच्या टर्बोंना लागतो, हे आम्ही त्यांना सांगितले. पाण्याच्या लाइनी साध्या झाल्या आणि त्यांत सांगण्यासारखे काही नाही.

इंटरकूलरच्या पाइपांच्या बाबतीत माझे समाधान अर्धवट आहे. ॲल्युमिनियमच्या आर्गन वेल्डिंगला एसी करंट देणारे यंत्र लागते आणि यांच्याकडची दोन्ही यंत्रे फक्त डीसी आहेत, त्यामुळे पाइप स्टेनलेसचेच करावे लागले. अडीच इंची, १.६ मिमी जाडीचा स्टेनलेस पाइप मीटरला सुमारे २.५ किलो भरतो, तर त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा पाऊण किलोहून थोडा अधिक. म्हणजे गाडीच्या नाकावर आम्ही तीनेक किलो विनाकारण चढवले. ट्रॅकवरच्या गाडीत हे खटकते. सांध्यांची युक्ती मात्र मला फार आवडली. चेसिसला घट्ट बांधलेल्या भागात त्यांनी दुग्धशाळेत वापरतात ते टीसी क्लॅम्प आणि सिलिकॉन गॅस्केट लावले. हाताने फुलपाखरू नट फिरवला की पाइप सुटतो, आणि पिटमध्ये रेडिएटर काढायचा असेल तेव्हा स्क्रूड्रायव्हर शोधावा लागत नाही. हा जोड अजिबात हलत नाही, म्हणून इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये तो चालणार नाही. तिथे सिलिकॉन होज आणि टी-बोल्ट क्लॅम्पच हवेत. ०.६ बार दाबाला या व्यासाचा प्रत्येक सांधा सुमारे १९ किलोच्या जोराने सुटू पाहतो, त्यामुळे पाइपाच्या टोकाला होज अडवणारा उंचवटा अत्यावश्यक असतो. असा उंचवटा काढणारे यंत्र, म्हणजे बीड रोलर, त्यांच्याकडे नाही. त्यांनी टोकाभोवती फिलरची तार गुंडाळून वेल्ड केली आणि घासून गोल केली. दिसायला ती ओबडधोबड आहे, पण होज अजून एकदाही निसटलेली नाही.

सारे बसवल्यानंतर कॉम्प्रेसरच्या तोंडाला लेथवर केलेले बूच लावून, आत १ बार हवा भरून, साबणाच्या पाण्याने प्रत्येक सांधा तपासला. पाइपलाइन सोपवण्यापूर्वी अशी चाचणी द्यायची हा त्यांचा नियम आहे, आणि बूचही त्यांनीच करून दिले. वेल्डच्या एकाही सांध्यातून बुडबुडा आला नाही. दोन क्लॅम्प सैल होते, ते आवळले.

तक्रार एक आहे आणि ती किरकोळ नाही. टर्बोचे वजन पेलण्यासाठी त्यांनी इंजिन ब्लॉकपासून टर्बोपर्यंत जो आधार दिला, तो दोन्ही टोकांना घट्ट बोल्ट केलेला होता. ३०४ स्टेनलेस तापल्यावर बरेच लांबते: ४०० मिमीची नळी ८०० अंशांनी तापली तर पाच मिलिमीटरहून अधिक वाढते. मॅनिफोल्ड वाढू पाहत होता आणि आधार त्याला अडवत होता. ट्रॅकवरून परतल्यावर कलेक्टरच्या वेल्डलगत केसाएवढी तडा गेलेली दिसली. एक्झॉस्टचा आवाज बदलल्याने ती लवकर लक्षात आली. उशीर झाला असता तर मॅनिफोल्ड दुरुस्त होण्याच्या पलीकडे गेला असता. कारखान्याने तडा पूर्ण कोरून काढली, टोकाला भोक पाडून ती पुढे जाणे थांबवले, पुन्हा आतून आर्गन देऊन वेल्ड केले आणि पैसे घेतले नाहीत. आधाराच्या एका टोकाला लांबट भोक करायला सांगताना आम्ही वाफेच्या लाइनीचे उदाहरण दिले, तेव्हा काकांना ते क्षणात पटले, कारण १८० अंशांच्या वाफेच्या पाइपाला वाढीसाठी लूप ठेवणे त्यांच्या रोजच्या कामातले आहे. एक्झॉस्टचे तापमान त्याच्या कितीतरी पट असते, याचा अंदाज त्यांना नव्हता. गाड्यांचे काम घेणाऱ्याला तो असायला हवा होता. ज्यांना या वाढीचा हिशोब स्वतः करता येत नाही, त्यांनी मॅनिफोल्डचे काम अशा कारखान्याला डोळे मिटून देऊ नये. तेल, पाणी आणि हवेच्या नळ्या मात्र निर्धास्तपणे द्याव्यात.

दराची पद्धतही नेहमीच्या गॅरेजपेक्षा वेगळी आहे. ते ‘इंच-डाया’ने आकारणी करतात, म्हणजे सांध्यांची संख्या गुणिले पाइपाचा इंचातील व्यास. अडीच इंची पाइपाचे आठ सांधे म्हणजे वीस इंच-डाया. त्यामुळे अंदाजपत्रक आधीच कळते, वाद होत नाही आणि सांधे कमी ठेवण्याची सवय आपल्यालाही लागते. साहित्य, लेझर कटिंग, ग्राइंडिंग आणि मजुरी धरून आमचा खर्च ८०,००० रुपयांच्या आसपास गेला. टर्बो, इंटरकूलर आणि इंजिनाचे ट्यूनिंग यात धरलेले नाही. वेळेच्या बाबतीत मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. औषध कंपनीची ऑर्डर आली की गाडीचे काम बाजूला पडते, आणि ते आपणहून फोन करून कळवत नाहीत. ट्रॅकची तारीख ठरवून मग काम द्यायचे असेल तर हा कारखाना टाळावा.

जाणाऱ्यांनी पीव्हीसीचा पक्का नमुना, सुटे हेड, टर्बोचे हाउसिंग आणि वापरायचे गॅस्केट सोबत न्यावे, आणि आतून आर्गन देण्याबद्दल व बोअरस्कोपच्या तपासणीबद्दल अंदाजपत्रकातच लिहून घ्यावे. आमच्या मॅनिफोल्डच्या आधाराला पुढच्या खेपेस लांबट भोकाऐवजी दोन्ही टोकांना हलू शकणारे गोलाकार सांधे, म्हणजे रॉड-एंड, लावायचे ठरले आहे. लेथचे ते काम त्यांनी घेतले आहे. औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे त्या दिवशी कारखाना बंद मिळेल.